वाचनालय सगळ्यांचं करायचं असेल तर: ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळासाठी टप्प्याटप्प्याने

सार्वजनिक वाचनालयाच्या दारावर 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी असते आणि ती खोटी नसते. दारातून कुणाला परत पाठवलं जात नाही. अडवणूक होते ती कागदावर: अर्जातल्या जामीनदाराच्या रकान्यात, अनामत रकमेत, उघडण्याच्या वेळेत, पुस्तकखरेदीच्या यादीत आणि मतदार सभासदांच्या यादीत. बहुतेक वेळा ती कुणी मुद्दाम केलेली नसते, त्यामुळे कुणाला खटकतही नाही आणि वर्षानुवर्षं तशीच राहते.

हा प्रश्न जुना आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांसोबत वाचनालयं काढणं हेही होतं. मुंबई-पुण्यात वाचनालयं तेव्हाही होतीच की. ती सगळ्यांची असती, तर वेगळी काढायची गरज का पडली असती? पुढे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला, ग्रंथालयांचे दर्जानुसार अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आलं, आणि आज राज्यात अशी अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत. ती सरकारी पैशावर चालतात, म्हणून ती कुणासाठी चालतात हे विचारण्याचा हक्क सगळ्यांना आहे.

खाली दिलेला क्रम तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या वाचनालयासाठी आहे, जिथे एक ग्रंथपाल, एखादा लिपिक, एखादा शिपाई आणि महिन्यातून एकदा जमणारं मंडळ असतं. बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत, ठराव लागतो.

१. आधी दप्तर उघडा

सभासद नोंदवही, देवघेव नोंदवही आणि रोजच्या वाचकांच्या सह्यांची वही टेबलावर घ्या. एका कोऱ्या कागदावर सभासदांची मांडणी करा: वस्ती किंवा वॉर्ड, स्त्री की पुरुष, अंदाजे वयोगट. जात विचारू नका. विचारली तर माणूस बिचकतो, आणि तशी गरजही पडत नाही, कारण आपल्याकडे पत्ताच पुष्कळ सांगून जातो. एक अडचण मात्र येईल. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय शासनाने २०२० मध्ये घेतला, त्यामुळे जुन्या पानांवर वस्तीचं एक नाव आणि नव्या पानांवर दुसरंच, असं होतं. दोन्ही नावांची जोडयादी आधी करून घ्या, नाहीतर एकाच वस्तीची माणसं दोन ठिकाणी मोजली जातील.

मग नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा वॉर्डांचा नकाशा घेऊन त्यावर सभासदांचे आकडे लिहा. कुठला वॉर्ड रिकामा आहे ते लगेच दिसेल. बाजारपेठ आणि शिक्षक कॉलनी भरलेली, नदीपलीकडची वस्ती कोरी, आणि मोहल्ल्यातून एखाद-दुसरं नाव, असं चित्र निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

देवघेव नोंदवही वाचताना थोडं गुप्तहेर व्हावं लागतं. खातं घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर असतं. पुस्तकं पाहिली तर सलग कादंबऱ्या, दिवाळीनंतर एकामागून एक दिवाळी अंक. बदलायला येते ती शाळकरी मुलगी. खरी वाचक तिची आई किंवा आजी असते, आणि तिने वाचनालयाचा उंबरा कधी ओलांडलेला नसतो. आपल्या अहवालात मात्र ती 'पुरुष वाचक' म्हणून मोजली जाते. अशी खाती बाजूला काढा. घरात एक वर्गणी आणि माणशी वेगळं कार्ड, असा कुटुंब सभासदाचा प्रकार सुरू केला की तिच्या नावाचं कार्ड निघतं. कार्डावर स्वतःचं नाव आलं की बायका स्वतः येऊ लागतात. सगळ्या नाही, पण येतात.

बंद पडलेली खातीही पाहा. थकबाकीमुळे बंद झालेली किती, आणि ती कुठल्या वस्तीतली? वाचनालय ज्यांना हळूहळू गमावत आलं, त्यांची ही यादी आहे.

२. न येणाऱ्यांना विचारा, येणाऱ्यांना नको

अभिप्रायाची वही वाचनालयातच ठेवली तर अभिप्राय येणाऱ्यांचेच मिळतात. म्हणून बाहेर जा. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्षा, वसतिगृहाचे गृहपाल यांना सोबत घ्या. 'वाचायला आवडतं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: वाचनालयात शेवटचं कधी गेला होता? कशाला? परत का गेला नाहीत?

उत्तरं साधी असतात. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि शेतातून आल्यावर पाय मळलेले असतात. पेपरच्या टेबलाभोवती सगळे सर लोक बसलेले असतात. पुस्तक हरवलं तर भरून द्यायला पैसे नाहीत. मुलगी म्हणते, उघडतं तेव्हा मी शाळेत असते आणि शाळा सुटून पोचेपर्यंत अंधार पडतो. ही उत्तरं बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि मंडळाच्या सभेत तशीच वाचून दाखवा. 'वंचित घटकांचा अल्प प्रतिसाद' असं इतिवृत्तात लिहिलं, की दोष त्यांच्याकडे जातो आणि विषय तिथेच संपतो.

३. अर्जाचा नमुना पुन्हा छापा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण देणारा टप्पा हाच, म्हणून इथे जरा थांबू.

बहुतेक वाचनालयांच्या अर्जात 'जामीनदार सभासदाचे नाव व सही' असा रकाना असतो. ज्या वस्तीतून आजवर कुणी सभासदच नाही, तिथल्या माणसाने जामीनदार आणायचा कुठून? हा एक रकाना काढला तरी दार बरंच उघडतं. तो काढायला मंडळ तयार नसेल तर पर्याय ठेवा: शाळेच्या मुख्याध्यापकांचं, गृहपालांचं किंवा अंगणवाडी सेविकेचं ओळख देणारं पत्र चालेल.

पत्त्याचा पुरावा हा दुसरा अडसर. भाड्याने राहणारे, वीटभट्टीवरचे, वसतिगृहातल्या मुली, पालावर राहणारी कुटुंबं यांच्या आधारकार्डावर गाव दुसरंच असतं. राहण्याचं ठिकाण आणि फोन नंबर एवढं पुरेसं माना. फोन स्वतःचा नसेल तर शेजाऱ्याचा.

'पतीचे/वडिलांचे नाव' हा रकाना प्रौढ स्त्रीच्या अर्जात कशाला हवा, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या बाईला तिथे पेन अडखळतं. 'तातडीच्या वेळी संपर्क' असं लिहा, काम तेवढंच होतं. लिंगाचा रकाना ठेवायचाच तर तिथे रिकामी ओळ ठेवा आणि जे लिहिलं जाईल ते स्वीकारा. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा स्वतः मानलेली लिंगओळख मान्य करतो. वाचनालयाच्या खिडकीवर त्यासाठी प्रमाणपत्र मागण्याचं काही कारण नाही.

आता अनामत. मंडळ म्हणेल, अनामत काढली तर पुस्तकं जातील. वाद घालू नका, निर्लेखन नोंदवही, म्हणजे बाद झालेल्या पुस्तकांची वही, काढा. गेल्या पाच वर्षांत वाचकांकडून गहाळ झालेल्या पुस्तकांची किंमत एका बाजूला, वाळवी आणि गळक्या छपराने खाल्लेल्या पुस्तकांची दुसऱ्या बाजूला. छप्पर जास्त पुस्तकं नेतं, असं दिसण्याचा संभव मोठा आहे. मग तीन सोयी सुचवा. एक, अनामत हप्त्याने. दोन, अनामत नसलेलं 'एका पुस्तकाचं' सभासदत्व. तीन, अनामत देणगीदाराने भरायची, पण ती कुणी भरली हे कार्डावर कुठेही दिसू नये. गरीब सभासदाला वेगळ्या रंगाचं कार्ड देणारी वाचनालयं मी पाहिली आहेत. हेतू चांगला असतो, पण खिडकीवर रांगेत उभं राहिलेल्या मुलाच्या हातात तो रंग सगळ्यांना दिसतो.

मुलांचा विलंब आकार माफ करा. मोठ्यांच्या विलंब आकाराला पुस्तकाच्या किमतीची कमाल मर्यादा घाला, आणि जुन्या थकबाकीदारांना 'पुस्तक आणून द्या, आकार नाही' असा एक महिना द्या. बंद खात्यांची जी यादी काढली, तिचा उपयोग इथे होतो.

शेवटची गोष्ट अर्जातली नाही, खिडकीवरची आहे. देवघेव नोंदवही उघडी पडलेली असते आणि कुणीही वाकून पाहतो कुणी काय नेलं. मुलीने शरीराविषयीचं पुस्तक नेलं, किंवा कुणी धर्मांतरावरचं, दारू सोडण्यावरचं, कायद्याचं नेलं, तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते. नोंदवहीत नावाऐवजी सभासद क्रमांक लिहा, आणि कुणाच्या नवऱ्याला, वडिलांना किंवा पुढाऱ्याला दुसऱ्याची नोंद दाखवायची नाही, असा नियम करून घ्या.

४. जागा आणि वेळ

इमारत पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर निराश होऊ नका. खाली एक टेबल, एक घंटा आणि नव्या पुस्तकांची छापील यादी ठेवा. घंटा वाजली की कर्मचाऱ्याने पुस्तक घेऊन खाली यायचं. हे उपकार म्हणून नाही, सेवेच्या पाटीवर लिहून.

तळमजल्यावर असाल तर उतार बांधा, पण मोजून. प्रमाण एकास बारा. म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १ मीटर ८० सेंमी लांब उतार लागतो आणि तीन पायऱ्यांना, म्हणजे ४५ सेंमीला, ५ मीटर ४० सेंमी. जागा नाही म्हणून गवंडी दोन मीटरमध्ये उरकतो, आणि त्या घसरगुंडीवरून चाकाची खुर्ची चढत नाही, उतरताना मात्र पळते. दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंमी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, तेव्हा उतार बांधला म्हणजे विषय संपला असं नाही. कमी दिसणाऱ्यासाठी प्रकाश, ऐकू न येणाऱ्यासाठी खिडकीवर पाटी-पेन, दोन कपाटांमध्ये चाकाची खुर्ची वळेल एवढी जागा, हेही त्यातच येतं.

स्वच्छतागृह असतं, पण किल्ली कुठे असते? ग्रंथपालाच्या मागे खिळ्याला. म्हणजे बारावीतल्या मुलीने दहा पुरुषांसमोर किल्ली मागायची. ती मागत नाही, ती घरी जाते आणि अभ्यासिकेतली तिची जागा रिकामी होते. किल्ली महिला विभागात लटकवा. फुकट होणारं काम आहे.

वेळेचं म्हणाल तर सरसकट वेळ वाढवणं बहुतेकांना झेपत नाही. त्याच तासांची फिरवाफिरव करा: आठवड्यातून दोन दिवस सकाळी उशिरा उघडून संध्याकाळी पुढे चालवा, आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी उघडं ठेवा. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं तशीही गावात असतात. बायकांसाठी वेगळी खोली की वेगळी वेळ, हा वाद नेहमी निघतो. माझं मत वेळेच्या बाजूने आहे. वेगळी खोली म्हटलं की कोपऱ्यातली, पंखा नसलेली, रद्दीच्या गठ्ठ्यांशेजारची खोली वाट्याला येते. आठवड्यातून दोन दुपारी मुख्य दालनच त्यांचं असेल, तर टेबलही चांगलं मिळतं आणि पंखाही.

भिंतींवरच्या तसबिरींबद्दल थोडक्यात: फुले, आंबेडकर, फातिमा शेख, शाहू महाराज सगळे असावेत. पण तसबीर लावली म्हणजे वस्तीतला माणूस आत आला असं होत नाही, आणि जयंतीला हार घालून अहवालात फोटो चिकटवणं म्हणजे समावेश नव्हे.

५. पुस्तकं कुठून येतात आणि कुठे बसतात

खरेदीची यादी बहुतेक ठिकाणी वितरक करतो. तो जास्त सूट देतो, पेटी घरपोच देतो, आणि यादीत तेच ते: स्वयंविकास, ऐतिहासिक कादंबऱ्या, पाककृती. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लीम आणि ख्रिस्ती मराठी लेखकांची पुष्कळ पुस्तकं लहान प्रकाशकांकडे असतात, आणि ते वितरकाच्या जाळ्यात नसतात. ती मिळतात ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमी आणि शिवाजी पार्कच्या परिसरात, नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. तिथे दोघांनी जायचं, वाचनालयाचं पत्र आणि शिक्का सोबत ठेवायचा, आणि प्रत्येक विक्रेत्याकडून वाचनालयाच्या नावाची, तारखेची, सहीची पावती घ्यायची. लेखापरीक्षणात अडतं ते पावतीपाशी. म्हणून जाण्याआधी खरेदी समितीचा ठराव आणि खर्चाची मर्यादा लिहून ठेवा.

भाषांचंही पाहा. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड, मालेगाव-भिवंडीत उर्दू, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली-पावरी, खानदेशात अहिराणी. आपल्या नकाशावरच्या कोऱ्या वॉर्डात घरी काय बोललं जातं, हे माहीत नसताना मराठी पुस्तकांचा गठ्ठा तिथे नेण्यात फारसा अर्थ नाही. आदिवासी भाषांतली छापील पुस्तकं कमी मिळतात. तिथे चित्रांची मोठी पुस्तकं आणि गोष्ट सांगणारी त्याच वस्तीतली आजी, ही जोडी चालते. तिला मानधन द्या.

आता कपाटाचा प्रश्न. 'दलित साहित्य' असं वेगळं कपाट असावं का? बाजूने बोलणारे म्हणतात, शोधणाऱ्याला लगेच सापडतं. मला ते पटत नाही. चरित्र-आत्मचरित्रांच्या कपाटात नटांची, पुढाऱ्यांची, डॉक्टरांची आत्मचरित्रं, आणि दलित लेखकाचं आत्मकथन मात्र शेवटच्या खोलीत वेगळ्या कपाटात, असं झालं की आत्मचरित्र वाचायला आलेल्या वाचकाची त्या पुस्तकाशी गाठच पडत नाही. कादंबरी कादंबऱ्यांत, कविता कवितांत, आत्मकथन आत्मचरित्रांत ठेवा. शोधणाऱ्यासाठी तालिकेत, म्हणजे ग्रंथसूचीत, विषयनोंद करा आणि छापील यादी लावा. 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं १९३१ चं सूत्र आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं, त्याचा खरा उपयोग इथे आहे.

वर्गीकरणाची पद्धतही निर्दोष नाही. ड्यूई दशांश पद्धतीत २०० हा धर्माचा वर्ग, पण त्यातले २२० ते २८० हे सगळे विभाग ख्रिस्ती धर्माला आणि बाकीचं जग २९० मध्ये. हिंदू, बौद्ध, जैन, शीख हे चारही धर्म एकट्या २९४ च्या पोटात. आपल्या वाचनालयात बौद्ध धम्मावरची पुस्तकं ख्रिस्ती धर्मावरच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि तीच लांबलचक दशांशाखाली दाटीवाटीने बसतात. क्रमांक बदलायच्या भानगडीत पडू नका. कपाटावर '२९४.३' ऐवजी ठळक अक्षरांत 'बौद्ध धम्म' अशी पट्टी लावा. ही पद्धत काढणाऱ्या खुद्द मेल्विल ड्यूई यांच्या ज्यूद्वेषामुळे आणि स्त्रियांशी गैर वागण्यामुळे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्यांचं नाव काढायचं ठरवलं, तेव्हा तिकडेही ही झाडाझडती चालूच आहे.

तालिकेतले जुने शब्दही तपासा. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी जुन्या विषयपत्रांवर 'गुन्हेगार जमाती' अजून सापडतं. पुस्तकाच्या नावात तो शब्द असेल तर नाव तसंच राहू द्या, तो इतिहास आहे. विषयनोंद मात्र 'विमुक्त जमाती' अशी करा आणि जुन्या शब्दाखाली 'पाहा: विमुक्त जमाती' एवढंच ठेवा.

नवी पुस्तकं आली की एखादा सभासद आक्षेप घेणारच. तोंडी आक्षेपावर पुस्तक कपाटातून काढायचं नाही. लेखी तक्रार, त्यात पुस्तक वाचलं आहे का आणि कुठल्या पानावर हरकत आहे हे दोन रकाने, तिघांची समिती, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवर. पान क्रमांकाच्या रकान्यापाशी पुष्कळ तक्रारी थांबतात.

६. डोळ्यांनी न वाचणारे वाचक

अंध आणि अल्पदृष्टी वाचकांसाठी काही करायचं म्हटलं की मंडळाला ब्रेल आठवतं, मग खर्च आठवतो, आणि विषय पुढच्या सभेवर जातो. ब्रेलपासून सुरुवात करूच नका. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे. त्यातली पुस्तकं छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना मिळतात, आणि सभासदत्व डेझी फोरम ऑफ इंडिया या, अशा वाचकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या संघाच्या सदस्य संस्थेमार्फत घेता येतं. ग्रंथपालाने करायचं काम एवढंच की तालुक्यातल्या अशा वाचकांची ओळख करून घ्यायची, नोंदणीला मदत करायची, आणि अँड्रॉइड फोनवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं टॉकबॅक कसं चालवायचं हे शेजारी बसून दाखवायचं. वाचनालयाच्या संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा, फुकट मिळणारा कार्यक्रम बसवा.

इथे एक खड्डा आहे. आपल्या पुस्तकांची यादी कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. एनव्हीडीए ती तशीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही. यादी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. डोळस वाचकालाही मग शोध घेता येईल.

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अपंग व्यक्तींसाठी, नफ्याशिवाय, पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी लागत नाही. म्हणजे स्वयंसेवकांकडून पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करता येतं. अट अशी की ते त्या वाचकांपुरतंच राहावं. तीच फाइल गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की ती सवलत उरत नाही. या विषयावरच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. मंडळात कुणी कायद्याची भीती घातली तर एवढं सांगा.

७. ग्रंथपेटी बाहेर काढा

सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं आणि त्यानंतर संस्थानात फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव जाऊ लागल्या. नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमामुळे आजच्या वाचकांनाही पेटी ठाऊक आहे. पन्नास पुस्तकांची पेटी, महिन्याने बदलायची, हे गणित सोपं आहे. अवघड आहे ते एवढंच: पेटी ठेवायची कुणाच्या घरी?

सरपंचाच्या ओसरीवर ठेवली तर सरपंचाच्या भावकीतलेच येतील. मंदिराच्या सभामंडपात ठेवली तर काही जण येणार नाहीत, मशिदीच्या ओट्यावर ठेवली तर दुसरे काही जण येणार नाहीत. अंगणवाडी, समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा, पिठाची गिरणी या जागा त्या त्या गावात तपासून पाहा. गिरणी मला विशेष आवडते. तिथे सगळ्या घरांतून कुणी ना कुणी येतंच, आणि दळण होईपर्यंत बसावंही लागतं.

साखर कारखान्याचा परिसर असेल तर गाळप हंगामात, साधारण दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत, ऊसतोड कुटुंबं कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, असतात आणि सोबत मुलंही. मुलांची पेटी तिथे न्या. नोंदणी, अनामत काही नको. हंगाम संपताना पाच-सात पुस्तकं कमी भरतील. ती मुलांकडे गेली असं समजून खर्ची टाका.

८. कोण पगारावर, कोण मतदार

वाचनालयाचं धोरण ठरवणारी माणसं बदलली नाहीत तर वरचं सगळं एका ग्रंथपालाच्या उत्साहावर चालतं आणि त्याच्या निवृत्तीबरोबर थांबतं. वाचनालय ही नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास असते. तिची घटना काढून वाचा. बहुतेक घटनांमध्ये मताचा अधिकार आजीव सभासद, आश्रयदाते आणि ठरावीक वर्षं जुने साधारण सभासद यांना असतो. महिन्याची वर्गणी भरणारा वाचक हा नुसता 'वाचक' असतो, त्याला मत नाही. आजीव सभासदत्व वारसाहक्कासारखं घराघरांत फिरतं, आणि मंडळात त्याच चार आडनावांची आलटून पालटून वर्णी लागते.

घटनादुरुस्ती मागा: सलग एक वर्ष वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक प्रौढ वाचकाला मत, आणि मंडळात स्त्रियांसाठी तसंच सभासद नसलेल्या वस्त्यांसाठी ठरावीक जागा. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ही फाइल पहिल्याच महिन्यात हलवा, बाकीचे टप्पे चालू असताना. निवडणुकीनंतर मंडळ बदललं की धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खालचा बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. हा अर्ज रखडला की जुनं मंडळच कागदोपत्री चालू राहतं, आणि कित्येक ठिकाणी तो रखडवलाही जातो.

नोकरीची जागा निघाली की ती आतल्या आत भरली जाते, कारण पगार इतका तुटपुंजा की जाहिरात कशाला द्यायची, असं म्हटलं जातं. तरीही द्या. वसतिगृहांच्या फलकावर, समाजमंदिरावर, महिला मंडळात. ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचं शुल्क वाचनालयाने भरायचं कबूल केलं, तर प्रशिक्षित नसलेली पण हुशार मुलगी अर्ज करू शकते. आणि आत आल्यावर कामाची वाटणी पाहा. झाडू आणि स्वच्छतागृह नेहमी एकाच माणसाकडे, आणि त्यालाच 'अरे' म्हणायचं, बाकी सगळ्यांना 'साहेब', 'मॅडम'? त्या माणसाच्या वस्तीतले लोक हे पाहतात, आणि वाचनालयात आपली जागा कोणती ते ओळखतात. देवघेवीच्या खिडकीवर आठवड्यातून काही तास त्यालाही बसवा, शिकवा, आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, २०१३ चा कायदा तसं सांगतो. समितीचा पत्ता आणि फोन फलकावर लावा, महिला विभागात लावा. कर्मचाऱ्यांइतकाच तो अभ्यासिकेतल्या मुलींनाही उपयोगी पडतो.

९. पैसे आणि पहिला ठराव

उतार, संगणक, फर्निचर याला पैसे लागतीलच. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांमध्ये मुलं, स्त्रिया, ज्येष्ठ, नवसाक्षर आणि दिव्यांग यांच्या विभागांसाठी मदत असते. प्रस्ताव ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, म्हणून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधी भेटा आणि त्या वर्षीचा नमुना घ्या. पहिल्या टप्प्यात काढलेला नकाशा प्रस्तावाला जोडा. 'आमच्याकडे गरज आहे' असं म्हणणाऱ्या गठ्ठ्यात वॉर्डवार आकडे देणारा कागद उठून दिसतो.

वर्षाने तीन आकडे पुन्हा काढा: कोऱ्या वॉर्डांतून आलेले नवे सभासद, त्यांतले तीन महिन्यांनंतरही पुस्तकं बदलणारे, आणि स्वतःच्या नावाचं कार्ड असलेल्या स्त्रिया. दुसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मोहीम काढली की अर्ज भरले जातात, पण दुसऱ्यांदा कोण आलं ते पाहायचं असतं.

पुढच्या मासिक सभेसाठी ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल:

'सभासदत्वाच्या अर्जातील जामीनदाराचा रकाना व प्रौढ स्त्रियांसाठी पती/वडिलांच्या नावाचा रकाना वगळण्यात यावा. अनामत न भरता एक पुस्तक नेण्याचे सभासदत्व सुरू करण्यात यावे. बालसभासदांचा विलंब आकार रद्द करण्यात यावा. देवघेव नोंदवहीत यापुढे सभासद क्रमांकच नोंदवावा. जुन्या थकबाकीदारांस पुस्तक परत करण्यासाठी एक महिन्याची मुदत विनाआकार देण्यात यावी व तसे दवंडी, फलक व वस्तीनिहाय भेटीद्वारे कळवावे. सदर ठरावाची अंमलबजावणी पुढील महिन्याच्या १ तारखेपासून करावी.'

सूचक म्हणून जुन्या, वजनदार आजीव सभासदाचं नाव मिळवा, अनुमोदक म्हणून कर्मचाऱ्यांनी निवडलेलं माणूस. आणि इतिवृत्त त्याच रात्री लिहून अध्यक्षांची सही घ्या, पुढच्या सभेपर्यंत थांबू नका.